औषधाला दाद न देणारी जखम



आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा सातवीला सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते पत्र्याच्या कारखान्यात, संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा युद्धात जखमी झालेले नागरिक आणि त्यांच्या जखमांतील हट्टी जंतू, हा विषय आम्ही का घेतला, असा प्रश्न कार्यक्रमपत्रिका पाहून पुष्कळांना पडला असेल. त्याचे उत्तर एका चिठ्ठीत आहे. ती चिठ्ठी आमच्या कपाटात अजून आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रपाळीला आमच्या एका सोबत्याचा डावा पंजा पॉवर प्रेसखाली सापडला. पोरगा बावीस वर्षांचा, कंत्राटी कामगार. हातात आली त्या तेलकट चिंधीत पंजा गुंडाळून त्याला जवळच्या एका दवाखान्यात नेले. तेथे रक्त थांबवले, घाईघाईने टाके घातले, एक इंजेक्शन दिले आणि घरी पाठवले. चौथ्या दिवशी हात सुजला व त्याला वास येऊ लागला. आम्ही त्या वेळी त्याच्या नुकसानभरपाईच्या अर्जात गढून गेलो होतो. कचेरीच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "अण्णा, ठणका थांबत नाही." आम्ही उठलो, ओळखीच्या दुकानात गेलो आणि डॉक्टरांची चिठ्ठी नसताना जरा भारीपैकी कॅप्सूल घेऊन आलो. तीन दिवसांनी ठणका कमी झाला, त्याने कॅप्सूल बंद केल्या. पुन्हा ठणका लागला, आम्ही दुसऱ्या आणल्या. असे महिनाभर चालले. शेवटी मोठ्या रुग्णालयात त्याचा पू तपासणीला गेला आणि ती चिठ्ठी आली. तीवर सतरा औषधांची नावे होती व प्रत्येकापुढे एक अक्षर. 'एस' असेल तर जंतू त्या औषधाला दाद देतो, 'आर' असेल तर देत नाही. सतरांपैकी पंधरा ठिकाणी 'आर' होते. त्या पोराची दोन बोटे काढावी लागली.

भरपाई आम्ही मिळवून दिली. त्याबद्दल आमचा सत्कारही झाला. पण पहिल्या रात्री ती जखम नीट धुतली होती काय, हे आम्ही कोणालाच विचारले नव्हते, आणि त्या कॅप्सूल आम्हीच आणल्या होत्या. ही टोचणी मनाला लागली म्हणून आम्ही वाचू लागलो. वाचता वाचता असे आढळले की, आमच्या सोबत्याच्या पंजाचे जे झाले तेच, शतपटीने मोठ्या प्रमाणावर, इराकमधील मोसुल-बगदादच्या, सीरियाच्या, येमेनच्या, गाझाच्या साध्या माणसांच्या हातापायांचे होत आले आहे. तेथे प्रेसच्या जागी बॉम्ब आहे. तेथील डॉक्टरांनी या प्रश्नाचा जो उलगडा केला आहे तो समजून घेतला, तर आपल्या घरातल्या जखमेकडेही आपण निराळ्या दृष्टीने पाहू. म्हणून हा विषय.

प्रथम युद्धातील जखम म्हणजे काय ते पाहू. विळीने बोट कापले तर त्याच्या दोन कडा असतात, त्या जुळवल्या की जखम भरते. स्फोटाची जखम तशी नसते. वेगाने आलेली गोळी आपल्या वाटेवरचे मांस तर फाडतेच; पण तिच्या धक्क्याने आजूबाजूचे मांसही क्षणभर ताणले जाते, चेचले जाते, आणि पुढे दोनतीन दिवसांत त्यातले बरेच मरते. स्फोटात तर माती, दगडाचे कण, कपड्याच्या चिंध्या, भिंतीचा चुना, सारे मांसात खोल घुसते. हाडाचे तुकडे होतात. वरून भोक रुपयाएवढे दिसते आणि आत पोकळी नारळाएवढी असते.

आता एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे व्याख्यान तिच्यावर उभे आहे. आपण गोळी घेतो किंवा सलाईनमधून औषध घेतो, ते औषध जखमेपर्यंत रक्तातून जाते. मेलेल्या मांसात रक्त नसते. मेलेल्या हाडात रक्त नसते. चिंधीत व मातीत तर नसतेच. जेथे रक्त नाही तेथे औषध नाही. आणि जेथे औषध नाही तेथे जंतूंना मोकळे रान. म्हणून अशा जखमेचा पहिला उपचार चाकू आणि पाणी हाच आहे. मेलेले सारे कापून काढावयाचे, भरपूर पाण्याने धुवावयाचे, आणि जखम टाके न घालता उघडी ठेवावयाची. चारपाच दिवसांनी ती स्वच्छ दिसली तरच शिवावयाची. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे शल्यविशारद आजही हेच शिकवतात.

हे ज्ञान फार महाग पडून मिळाले आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेणखत घातलेल्या शेतांतून सैनिक लढत होते. त्यांच्या जखमांत ती माती गेली आणि वायूचा गँगरीन व धनुर्वात यांनी हाहाकार उडवला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर बुलोन येथे एका कॅसिनोच्या इमारतीत ब्रिटिशांचे रुग्णालय थाटले होते. तेथील प्रयोगशाळेत सर आल्मरॉथ राइट यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर काम करीत होता. त्याचे नाव अलेक्झांडर फ्लेमिंग. जखमी सैनिकांच्या गणवेशाच्या चिंध्या तपासून त्याने दाखवले की जखमेतील घातक जंतू कपड्याबरोबरच आत जातात. मग त्याने एक काचेची नळी घेतली आणि ती तापवून तिला काट्यांसारखी पोकळ टोके काढली. ही म्हणजे खाचाखोचा असलेली खोटी जखम. तीत जंतू घालून, नंतर जंतुनाशक ओतून, पुन्हा ती रिकामी करून पाहिली, तर त्या टोकांत दडलेले जंतू शाबूत राहून पुन्हा वाढले. जंतुनाशक ओतून खोल जखम शुद्ध होत नाही, हे त्याने अशा रीतीने सिद्ध केले. त्याच युद्धात बेल्जियमच्या द पान येथील रुग्णालयात आंत्वान दपाज या शल्यविशारदाने मेलेले मांस कापून जखम उघडी ठेवण्याची व मागाहून शिवण्याची पद्धत रूढ केली.

हाच फ्लेमिंग पुढे, १९२८ साली लावलेल्या शोधामुळे, पेनिसिलिनचा शोधक म्हणून जगाला माहीत झाला. ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शोधाचे औषध बनवले आणि दुसऱ्या महायुद्धात त्याने असंख्य सैनिकांचे प्राण वाचवले. १९४५ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगीच्या भाषणात फ्लेमिंगने एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलिन आणून घेतो, पण जंतू मरण्यास पुरे पडेल इतके घेत नाही, त्यांना शिकवण्यापुरतेच घेतो. मग ते शिकलेले जंतू त्याच्या बायकोला लागतात, आणि तिला औषध लागू पडत नाही. ती मरते. हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. दुकानात गेलेला तो गृहस्थ आमच्या ओळखीचा होता.

जंतू 'शिकतात' म्हणजे काय होते, ते आता पाहू. पुष्कळ लोक म्हणतात, "त्याच्या अंगाला औषधाची सवय झाली." हे बरोबर नाही. सवय माणसाला होत नाही. बदल जंतूंत होतो. कोट्यवधी जंतूंत दोनचार असे निपजतात की ज्यांच्या अंगी औषध चुकवण्याची काही युक्ती असते. कोणी औषध फोडून टाकणारा रस तयार करतो. पेनिसिलिन फोडणारा असा रस अब्राहम व चेन यांनी १९४० सालीच दाखवला होता. कोणी औषध आत आले की पंपाने बाहेर फेकतो. कोणी आपल्या कवचाची दारे अरुंद करतो. औषध आले की बाकीचे मरतात, हे दोनचार उरतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत त्यांचीच प्रजा माजते. औषध अर्धवट घ्या, चुकीचे घ्या, किंवा ते जेथे पोचत नाही अशा मेलेल्या मांसात जंतू ठेवून वरून घेत राहा. तिन्ही प्रकारांत आपण हट्टी जंतूंची निवड करीत असतो.

याहून वाईट गोष्ट अशी की, एका जातीच्या जंतूला साधलेली युक्ती दुसऱ्या जातीला देता येते. जंतूच्या पेशीत गुणसूत्राखेरीज काही सुटी वर्तुळे असतात. त्यांवर या युक्त्या लिहिलेल्या असतात, आणि ती वर्तुळे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. पाळी बदलताना जाणारा कामगार येणाऱ्याच्या कानात यंत्राची खोड सांगून जातो, तसेच हे. एकेका वर्तुळावर चारचार, पाचपाच औषधांच्या युक्त्या एकत्र असू शकतात. म्हणून एक औषध वापरले तरी पाच औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात.

याचा वेगही पाहण्यासारखा आहे. युद्ध संपून तीन वर्षे होतात न होतात तोच लंडनच्या एका रुग्णालयात मेरी बार्बर यांना असे आढळले की, तेथील रुग्णांत सापडणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकी निम्म्याहून अधिक पेनिसिलिनला जुमानत नाहीत. मग मेथिसिलिन आले. १९६१ साली त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले. पुढे सेफॅलोस्पोरिन आली, कार्बापेनेम आली. कार्बापेनेम ही डॉक्टरांची राखीव फौज. तीही हटली म्हणजे कोलिस्टिन नावाचे जुने औषध उरते. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून ते एके काळी मागे टाकले होते. दुसरे काही उरले नाही म्हणून पुन्हा हाती घ्यावे लागले.

आता इराककडे वळू. १९८० पर्यंत इराकची रुग्णालये त्या भागात चांगली गणली जात. मग इराणशी आठ वर्षांचे युद्ध झाले. ऑगस्ट १९९० पासून २००३ पर्यंत त्या देशावर आर्थिक निर्बंध होते. यंत्रांचे सुटे भाग मिळेनात, पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था ढासळली, औषधांचा तुटवडा पडला. डॉक्टरांच्या हाती त्या दिवशी जे औषध असेल ते, आणि असेल तितकेच दिवस, रोग्याला द्यावे लागे. फ्लेमिंगच्या गोष्टीतला गृहस्थ अज्ञानाने चुकला; येथे सबंध देशावर तीच चूक लादली गेली. त्यानंतर मार्च २००३ मध्ये अमेरिकेची स्वारी झाली, आणि पुढच्या यादवीत हजारो डॉक्टर देश सोडून गेले.

या युद्धात एका जंतूचे नाव गाजले. एसिनेटोबॅक्टर बाउमानी. हा मोठा चिवट जंतू. कोरड्या खाटेच्या दांड्यावर, नळीवर, गादीवर तो आठवडेच्या आठवडे जगतो. इराक व अफगाणिस्तानातील जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या अमेरिकन लष्करी रुग्णालयांत जानेवारी २००२ ते ऑगस्ट २००४ या काळात १०२ रुग्णांच्या रक्तात तो सापडला. आरंभी लोकांनी इराकच्या मातीवर ठपका ठेवला. स्फोटाने माती आत जाते, तीतून हा आला असावा, असा तर्क होता. तपास करता निघाले भलतेच. मातीपेक्षा आघाडीवरच्या रुग्णालयांतील खाटा व उपकरणे यांवरच तो मुक्काम करून होता. जखम बाहेर झाली होती. जंतू बऱ्याच अंशी उपचाराच्या जागी लागला होता.

येथे सैनिक आणि नागरिक यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि आमच्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. जखमी अमेरिकन सैनिकासाठी एक साखळी उभी होती. जागच्या जागी रक्त थांबवणारा सोबती, मग हेलिकॉप्टर, मग आघाडीवरचे शस्त्रक्रियागृह, मग विमानाने जर्मनीतील लांडश्टूलचे रुग्णालय, आणि काही दिवसांत स्वदेश. प्रत्येक ठिकाणी मागच्या ठिकाणचा कागद पोचत असे व पू तपासणारी प्रयोगशाळा असे. तरीही हट्टी जंतू लागलाच. पण त्याचा पत्ता लागला, त्याची मोजदाद झाली.

बाजारात भाजी घेताना जखमी झालेल्या बगदादच्या बाईसाठी अशी साखळी नव्हती. तिला शेजाऱ्यांनी हातगाडीवरून किंवा टॅक्सीतून न्यावयाचे. जवळचे रुग्णालय गच्च भरलेले. डॉक्टर एक आणि जखमी पन्नास. अशा वेळी मेलेले मांस शांतपणे कापीत बसायला कोणाला वेळ असतो? रक्त थांबवावयाचे, हाडाला बाहेरून लोखंडी सळ्यांचा सांगाडा लावावयाचा, भारी औषध सुरू करावयाचे आणि खाट मोकळी करावयाची. दोन दिवसांनी त्या भागात पुन्हा गोळीबार. ड्रेसिंगला जाता येत नाही. घर बदलावे लागते, औषधाचा क्रम तुटतो, मागचा कागद हरवतो. नवा डॉक्टर नवे औषध सुरू करतो. सहा महिन्यांत चार रुग्णालये, पाच शस्त्रक्रिया, सात औषधे, आणि हाडातून वाहणारा पू कायम. हे चित्र कोणा एका बाईचे नाही. अशा शेकडो रोग्यांच्या कहाणीचा हा सारांश समजावा.

हे रोगी पुढे कोठे गेले? १९७१ साली पॅरिसला स्थापन झालेली 'सीमारहित डॉक्टर' ही संस्था आपणास ठाऊक असेल. १९९९ चे नोबेल शांतता पारितोषिक तिला मिळाले. तिने २००६ साली जॉर्डनची राजधानी अम्मान येथे इराकमधील जखमी नागरिकांवर मोफत पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया करण्याचे काम सुरू केले. मोडून वाकडी जुळलेली हाडे सरळ करणे, भाजून चिकटलेली बोटे सोडवणे, जबडा पुन्हा बसवणे, असे ते काम. पुढे तेथे सीरिया, येमेन, गाझा येथूनही रोगी येऊ लागले. शल्यविशारद हाड जुळवायला आले आणि त्यांना आधी हाडातला पू उपसावा लागला. सुरुवातीच्या वर्षांत ज्या इराकी रोग्यांच्या हाडांत जंतुसंसर्ग सिद्ध झाला, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांचे जंतू अनेक औषधांना दाद न देणारे निघाले. एक सावधगिरी येथे बाळगली पाहिजे. अम्मानला पोचतात ते ज्यांचे बिघडले तेच. म्हणून हा आकडा सगळ्या जखमींना लावता येणार नाही. पण ज्यांचे बिघडले त्यांचे कशाने बिघडले, हे तो स्वच्छ सांगतो.

हाडातील हा संसर्ग, ज्याला डॉक्टर ऑस्टिओमायलायटिस म्हणतात, तो इतका चिवट का? मेलेल्या हाडावर आणि त्यात बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांवर जंतू एक चिकट थर करून राहतात. शेवाळ कसे दगडाला धरून बसते, तसेच. त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही. मग काय करावयाचे? पुन्हा शस्त्रक्रिया, मेलेले हाड काढणे, शस्त्रक्रियेतच हाडाचा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत पाठवणे, आणि 'एस' अक्षर ज्यापुढे असेल ते औषध अनेक आठवडे शिरेतून देणे. हे औषध महाग असते, कधी मूत्रपिंडाला बाधक असते. इतके करून पाय वाचेलच असेही नाही.

मोसुलची कथा याच्या पुढची. ऑक्टोबर २०१६ ते जुलै २०१७ या काळात ते शहर 'इस्लामिक स्टेट'च्या ताब्यातून सोडवण्यासाठी लढाई झाली. शहरातील १३ सरकारी रुग्णालयांपैकी ९ नादुरुस्त झाली. म्हणजे जखमी वाढले आणि त्याच महिन्यांत खाटा नाहीशा झाल्या. २०१८ साली त्याच संस्थेने पूर्व मोसुलमध्ये पुढील शस्त्रक्रियांसाठी केंद्र उघडले, तेव्हा तेथे येणाऱ्या रोग्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक हट्टी जंतू घेऊनच येत. अशा रोग्याला वेगळ्या खोलीत ठेवावे लागते. जो आत येईल त्याने झगा घालावयाचा, हातमोजे घालावयाचे, बाहेर जाताना ते काढून हात धुवावयाचे. घर पडलेले, आप्त गेलेले, आणि त्यात आठवडेच्या आठवडे एका खोलीत एकटे राहावयाचे! आपल्याला वाळीत टाकले आहे असे रोग्याला वाटू लागते. म्हणून तेथे हे का करावे लागते, ते रोग्यास समजावून सांगणारी माणसे नेमावी लागली.

हा रोग एका देशापुरता राहिलेला नाही. गाझाच्या सीमेवरील निदर्शनांत ३० मार्च २०१८ पासून त्या वर्षअखेरपर्यंत ६,१०६ माणसे खऱ्या गोळ्यांनी जखमी झाल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने केली. बहुतेकांच्या गोळ्या पायांत होत्या, आणि त्यांतील पुष्कळ हाडे पुढे पुवाळली. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या युद्धात तेथील रुग्णालये व प्रयोगशाळाच उद्ध्वस्त होत गेल्या. त्यांतूनही गाझा शहरातील अल-अहली रुग्णालयात नोव्हेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या दरम्यान घेतलेल्या १,३०० हून अधिक नमुन्यांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश जंतू अनेक औषधांना न जुमानणारे आढळले. युक्रेनमध्ये २०२२ साली विनित्सिया येथील रुग्णालयांत, मुख्यतः युद्धातील जखमी अशा १४१ रुग्णांचे नमुने तपासण्यात आले. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील संशोधकांना त्यांत सुमारे ६ टक्के नमुने असे मिळाले की, तपासलेले एकही औषध तेथील जंतूंवर चालत नव्हते. आमच्या सोबत्याच्या चिठ्ठीवर निदान दोन 'एस' तरी होते.

आता या साऱ्यातून आम्हाला काय उमगले ते सांगतो. आम्ही कामगार चळवळीतले, म्हणून आमच्याच भाषेत सांगतो. कारखान्यात कायमची माणसे असतात आणि कोणी गैरहजर राहिला तर एक दिवस उभा करायला बदली कामगार असतो. एका बदलीला दहा कायम माणसांचे काम रोज करायला लावले, तर काम बिघडते आणि बदलीही मोडतो. जखमेच्या बाबतीत कायमची माणसे कोण? स्वच्छ पाणी, वेळेवर पोचवणारे वाहन, मेलेले मांस कापणारा शांत हात, दररोजचे ड्रेसिंग, धुतलेली चादर, पू तपासणारी प्रयोगशाळा, पुरेसे अन्न. युद्ध या साऱ्यांना एकेक करून हाकलून देते आणि त्या सगळ्यांच्या जागी प्रतिजैविकाची एक बाटली उभी करते. मग औषध चालले नाही म्हणून आपण औषधाच्या नावाने बोटे मोडतो. औषध खोटे नव्हते. त्याच्यावर दुसऱ्यांचे काम लादले होते.

म्हणून उपायही केवळ नव्या औषधात नाही. नवी औषधे हवीत, यात शंका नाही. पण जुनी ज्या वाटेने गेली त्याच वाटेने नवीही जातील. अम्मान व मोसुल येथील अनुभव असा की, साध्या गोष्टी काटेकोरपणे केल्या तर फरक पडतो. पहिली शस्त्रक्रिया पुरी करणे. घाईने टाके न घालणे. हात धुणे. प्रयोगशाळेची चिठ्ठी आल्याशिवाय भारी औषधाला हात न घालणे, आणि चिठ्ठी आल्यावर त्या जंतूपुरते नेमके औषध देणे. पेट्यांत भरून युद्धाच्या जागी नेता येईल अशी आटोपशीर प्रयोगशाळा त्या संस्थेने सिद्ध केली आहे, तीही याचसाठी. आणि एक गोष्ट डॉक्टरांच्या लेखांत दोन ओळींत येते, ती आम्ही जरा मोठ्याने सांगतो. खाटेचा दांडा पुसणारा सफाई कामगार हा या लढाईतला पहिल्या फळीचा माणूस आहे. ज्या खाटेवर एसिनेटोबॅक्टर मुक्काम करतो ती खाट शल्यविशारद पुसत नाही. ज्याला सर्वांत कमी पगार, ज्याला हातमोजे मिळतात न मिळतात, त्याच्या हाती पुढच्या रोग्याचा पाय आहे.

सर्वांत मोठा उपाय मात्र रुग्णालयाच्या भिंतीबाहेरचा आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या १८ व्या कलमाने नागरी रुग्णालयांवर हल्ला करण्यास मनाई केली आहे. ३ मे २०१६ रोजी सुरक्षा समितीने २२८६ क्रमांकाचा ठराव करून युद्धातील दवाखान्यांवरील व वैद्यकीय माणसांवरील हल्ल्यांचा निषेध केला. करार आहेत, ठराव आहेत. आणि मोसुल, गाझा, युक्रेनही आहेत. कामगार कायदे कागदावर राहतात तेव्हा काय होते हे आम्ही आयुष्यभर पाहिले आहे. कायदा पाळला जातो तो त्याची आठवण ठेवणारी माणसे जागी असली तर. रुग्णालयावर बॉम्ब पडल्याची बातमी येते तेव्हा त्या दिवशीचे मृत आपण मोजतो. पण त्या भिंतीबरोबर प्रयोगशाळा गेली, पाण्याची टाकी गेली, कागद गेले. त्यामुळे पुढच्या वर्षी ज्यांचे पाय कापावे लागतील, त्यांची मोजदाद त्या बातमीत नसते.

"हे दूरचे युद्ध, आपला त्याच्याशी काय संबंध?" असे कोणी म्हणेल. संबंध आहे. १९५४ साली आपल्या पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो गरिबाला पेनिसिलिन मिळावे म्हणून. त्या औषधाचे मोल आपण किती राखले? २००८ साली दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या, मूळच्या भारतीय अशा एका रुग्णात कार्बापेनेमला फोडणारा रस तयार करणारे जनुक सापडले आणि त्याला दिल्लीचे नाव पडले. नावावरून मोठा वाद झाला. तो वाद बाजूला ठेवू. पण त्याच नावाचे जनुक पुढे युक्रेनच्या जखमी माणसांच्या जंतूंतही सापडले. इराक-येमेनचे रोगी उपचारासाठी मुंबई-दिल्लीला येत असतात. जंतूंना पासपोर्ट लागत नाही, तो आपलाही परका नाही नि त्यांचाही नाही. आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू आहे. त्यातील भारी औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत, आणि विकली की दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंद ठेवावयाची असते. ती वही आपल्या पेठेतल्या दुकानात आहे की नाही, हे विचारणे कोणाही नागरिकाला शक्य आहे. मोसुलच्या माणसाजवळ पर्याय नव्हता. आपल्याजवळ आहे.

आमचा तो सोबती आज एका शाळेत शिपाई आहे. तीन बोटांच्या हाताने तो घंटा देतो, चहा आणतो, मुलांची नावे लिहितो. मागल्या वर्षी आमच्या संघटनेने एक ठराव केला, तो त्यानेच मांडला. कारखान्यात अपघात झाला की संघटनेच्या प्रतिनिधीने रुग्णालयात दोन प्रश्न विचारावयाचे: जखम धुतली का, आणि पू तपासायला पाठवला का? भरपाईचा अर्ज त्यानंतर. ठराव मांडताना तो आमच्याकडे पाहून हसला. आम्हाला हसता आले नाही.

 घरी गेल्यावर कपाटातील औषधांचा डबा उघडून पाहावा. त्यात अर्धवट राहिलेली कॅप्सूलची पाकिटे असतील, तर ती उद्यासाठी ठेवू नयेत आणि शेजाऱ्याला देऊ नयेत. इतके झाले तरी आज येथे आल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.